लगोरीची प्रौढ लीग: नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदी

10 नोव्हेंबर 2024, रविवार

नाशिकमधील एका शाळेचे मुरमाचे मैदान रविवारी सकाळी दोन तासांसाठी 600 रुपये भाड्याने मिळाले आणि आज चौदा जण प्रत्यक्ष खेळायला आले. सर्वांत तरुण खेळाडू 28 वर्षांचा, तर सर्वांत ज्येष्ठ ताई 51 वर्षांच्या आहेत. लहानपणी गल्लीत खेळलेली लगोरी, म्हणजे सात ठिकऱ्यांची रास चेंडूने फोडून अंगाला चेंडू लागू न देता ती पुन्हा रचण्याचा खेळ, गुणतक्ता, पंच आणि वेळापत्रक यांसह लीगच्या स्वरूपात खेळायची, असा आमचा संकल्प आहे. पुढे कोणाला असेच काही करायचे असेल तर त्यांचा वेळ वाचावा, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

दोन तासांपैकी एक तास दहा मिनिटे वादात गेली. चेंडू लागला की फक्त तो गडी बाद, की सगळा डाव संपला? फोडताना चेंडूचा थेट झेल घेतला तर काय? चेंडू हातात घेऊन पळायचे की जागेवरूनच मारायचा? प्रत्येकाच्या गल्लीचा नियम वेगळा होता आणि प्रत्येकाला आपलाच नियम मूळचा वाटत होता. आमच्यातील एक जण राजस्थानात वाढले असून हा खेळ त्यांना सतोलिया या नावाने ठाऊक आहे, तर दोघींना तो लिंगोरचा म्हणूनच आठवत होता.

दुसरी अडचण मैदानाची. आम्ही सीमारेषा आखली नव्हती. लगोरी फुटताच फोडणाऱ्या संघातील दोघे पळत जाऊन पाण्याच्या टाकीमागे उभे राहिले आणि राज्य असलेल्या, म्हणजे चेंडू मारून बाद करणाऱ्या संघाला त्यांच्यापर्यंत पोहोचताच येईना. गल्लीत घरांच्या भिंती हीच सीमा होती, हे मैदानावर आल्यावर ध्यानात आले. फोडण्याची रेघ बारा पावलांवर, म्हणजे सुमारे 8 मीटरवर होती आणि तेथून मारलेल्या 30 चेंडूंपैकी 4 लगोरीला लागले.

17 नोव्हेंबर

20 तारखेला विधानसभेचे मतदान आहे आणि शाळेत मतदान केंद्र असल्याने मैदान मिळाले नाही. सराव बुडाला, परंतु त्या दोन तासांत सहा जणांनी एका घरी बसून नियम लिहून काढले. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

नियम लिहिण्याला दोघांचा विरोध होता. लगोरीची गंमत तिच्या मोकळेपणात आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि मला ते मनापासून समजते. आमच्यासोबत शारीरिक शिक्षणाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोच्या नियमांना लेखी स्वरूप दिले आणि त्यानंतरच एका गावाचा संघ दुसऱ्या गावाच्या संघाशी निर्वेधपणे खेळू शकला, याची सरांनी आठवण करून दिली. विरोध मावळला नाही, पण लेखणी हातात घेतली गेली.

ठरले ते असे. मैदान 24 बाय 16 मीटर आणि सीमेबाहेर गेलेला गडी बाद. एका संघात मैदानावर सात जण, त्यांपैकी किमान दोन महिला, आणि तीन राखीव. फोडण्याची रेघ 5.5 मीटरवर आणि एका पाळीत फोडण्यासाठी तीन चेंडू. लगोरी फुटल्यापासून ती पुन्हा लावण्यासाठी 90 सेकंद. चेंडू लागलेला गडी बाद, उरलेल्यांचा खेळ सुरू. लगोरी पूर्ण लागली तर फोडणाऱ्या संघाला 5 गुण, प्रत्येक बाद गड्यामागे राज्य असलेल्या संघाला 1 गुण. प्रत्येक संघाला चार पाळ्या, म्हणजे सामन्यात एकूण आठ. झेलाचा नियम आम्ही सोडून दिला, कारण 5.5 मीटरवरून नेमाने मारलेला चेंडू क्वचितच झेलण्याच्या उंचीवर जातो.

24 नोव्हेंबर

शहाबादी फरशीचे फुकट मिळालेले तुकडे ठिकऱ्या म्हणून वापरले. तिसऱ्याच पाळीत एका तुकड्याचा टवका उडाला आणि लगोरी लावणाऱ्याचे बोट कापले. बालपणी याच ठिकऱ्यांशी आम्ही वर्षानुवर्षे खेळलो, पण तेव्हा त्यांवर कोणी इतक्या जोराने चेंडू मारत नव्हता. सराव अर्ध्यावर थांबवला आणि सुताराकडे लाकडी चकत्या करायला टाकल्या.

1 डिसेंबर

सुताराने 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायमधून सात चकत्या कापून दिल्या. खालची 20 सेंटिमीटर व्यासाची, वरची 8 सेंटिमीटरची, मधल्या उतरत्या मापाच्या. मजुरीसह 650 रुपये. दिसायला संच देखणा होता, कडा गोल घासल्या होत्या आणि रचताना तो हातात छान बसत होता.

तासाभरात या संचाने खेळ मोडून टाकला. निमुळत्या रचनेत सर्वांत वरची चकती अवघ्या काही तोळ्यांची असते. नेमबाज खेळाडूंनी दुसऱ्या पाळीपासूनच चेंडू हलक्या हाताने टाकून फक्त वरची एक किंवा दोन चकत्या पाडायला सुरुवात केली. दोन चकत्या पुन्हा ठेवायला पाच सेकंद पुरतात, तेवढ्यात राज्य असलेल्या संघाच्या हाती चेंडूही आलेला नसतो. मी मोजले तेव्हा 20 यशस्वी फेकींपैकी 17 वेळा दोनच किंवा त्याहून कमी चकत्या पडल्या होत्या. यात कोणी लबाडी केली नव्हती. जिंकण्यासाठी खेळणारा माणूस नियमांत जे बसते ते करणारच. गल्लीत असे कोणी केले असते तर सगळ्यांनी मिळून त्याला पुन्हा फोडायला लावले असते. येथे ते काम नियमाला करावे लागणार आहे.

दोन बदल ठरवले. सातही चकत्या एकाच मापाच्या, 14 सेंटिमीटर व्यासाच्या करायच्या. आणि किमान चार चकत्या खाली पडल्या तरच लगोरी फुटली असे मानायचे, अन्यथा तो चेंडू वाया. सुताराकडे असे दोन संच सांगितले, 1,100 रुपये.

8 डिसेंबर

आज एकाच सकाळी तिघांच्या मांडीचा मागचा स्नायू ताणला गेला. तिघेही पस्तिशीच्या पुढचे. तिघांनाही दुखापत एकाच प्रकारे झाली, लगोरी फुटेपर्यंत थंडीत स्थिर उभे राहिले आणि फुटताच एकदम झेप घेऊन धावले. लगोरीत हळूहळू वेग घ्यायला वाव नसतो. आपण मुले होतो तेव्हा खेळायला येतानाच पळत येत होतो आणि आपोआप तयार होत होतो, आता आम्ही दुचाकीवरून उतरून थेट मैदानात जातो.

पुढील रविवारपासून सरांनी आखून दिलेली पंधरा मिनिटांची तयारी सक्तीची केली आहे. आधी चालणे, मग संथ धावणे, गुडघे उचलून धावणे आणि शेवटी दहा-दहा मीटरच्या वाढत्या वेगाच्या चार धावा. तयारीला नसलेला खेळाडू पहिल्या चार पाळ्यांत उतरणार नाही. बर्फाचा फवारा, पट्ट्या आणि प्रथमोपचार पेटी यांना 900 रुपये लागले. तिघांपैकी एकाला पाच आठवडे खेळता येणार नाही, याचे मला फार वाईट वाटते, कारण नियम लिहिताना आम्ही चकत्यांवर तास घालवले आणि शरीराचा विचार शेवटी केला.

15 डिसेंबर

आजचा दिवस चेंडूचा. आम्ही दोन प्रकारचे चेंडू आणले होते. क्रिकेटसाठी मिळणारा जड टेनिस चेंडू स्वयंपाकघरातील काट्यावर 92 ग्रॅम भरला, साधा 58 ग्रॅम. जड चेंडूने लगोरी सुरेख फुटते, पण पोटरीवर लागला की तेथेच गोल लाल वळ उठतो आणि दोघींनी दुसऱ्या पाळीनंतर खेळायला स्पष्ट नकार दिला. त्यांचे बरोबर होते. जड चेंडूंवरचे 440 रुपये वाया गेले.

साध्या चेंडूची अडचण उसळीची निघाली. लॉन टेनिसच्या प्रमाण चेंडूची उसळी 254 सेंटिमीटरवरून सोडल्यावर 135 ते 147 सेंटिमीटर असते. शाळेच्या भिंतीवर खुणा करून पाहिले तर आमचे नवे चेंडू 128 ते 140 पर्यंत उसळले. नेम चुकला की असा चेंडू कडक मुरमावर टप्पा घेऊन मैदानाबाहेर जातो आणि तो आणेपर्यंत 90 सेकंदांतील वीस-पंचवीस सेकंद निघून जातात. दोन रविवार वापरलेले चेंडू मात्र 105 च्या आसपासच उसळले. म्हणून आता चेंडू आधी दोन रविवार सरावात मुरवायचे आणि मगच सामन्याला काढायचे, असा क्रम लावला आहे.

तिसरी गोष्ट दवाची. सकाळी सात वाजता मैदानाच्या कडेचे गवत ओले असते. त्यातून दोन-तीनदा गेलेला चेंडू हातात घेतला तेव्हा तो जड लागला म्हणून पुन्हा काट्यावर ठेवला, 76 ग्रॅम भरला. वरची लव पाणी धरून ठेवते, चेंडू बोटांतून निसटतो आणि लागतोही जोरात. सामने साडेआठला सुरू करायचे आणि प्रत्येक सामन्याला कोरडे दोन चेंडू घ्यायचे.

22 डिसेंबर

नवे संच आले. प्रत्येक चकती सुमारे 180 ग्रॅमची, रचलेल्या लगोरीची उंची साडेबारा सेंटिमीटरच्या किंचित वर. चकत्या घसरू नयेत म्हणून मी स्वतःच्या डोक्याने प्रत्येकीच्या खाली पातळ रबर चिकटवले, 240 रुपयांचे. ही चूक माझी. रबरामुळे चकत्या एकमेकींना इतक्या धरून राहिल्या की चेंडू लगोरीला लागून मागे येऊ लागला. 20 अचूक फेकींत लगोरी नीट फुटली फक्त 5 वेळा. मैदानातच चाकूने रबर खरवडून काढायला पाऊण तास लागला.

रबर निघाल्यावर दुसरे टोक गाठले. सुताराने चकत्यांना वॉर्निश मारले होते आणि दमट हवेत त्या एकमेकींवरून सुळकन सरकत होत्या. रचणाऱ्याच्या हातून पाचवी चकती ठेवताना खालची चौथी निसटायची. पॉलिश पेपरने वरखाली दोन्ही बाजू घासून वॉर्निश काढले आणि लाकूड उघडे ठेवले. तेव्हा कुठे हवे तसे झाले. मध्यावर चेंडू बसला की वरच्या चार-पाच चकत्या मीटर-दीड मीटर पसरतात आणि ठेवलेली चकती मात्र ठेवल्या जागी राहते. मुरमावर लगोरी डोलते म्हणून खाली चौकोनी रबरी पायपुसणे अंथरले, रबराचा योग्य उपयोग हाच होता.

यानंतर झालेल्या सरावात मी या खेळाकडे प्रथमच निवांत पाहू शकलो. 51 वर्षांच्या ताई लगोरी लावायला बसल्या. गुडघे न टेकता त्या उकिडव्या बसल्या, डावा तळहात रचलेल्या तीन चकत्यांच्या मागे आडोशासारखा धरला आणि उजव्या हाताने पडलेल्या तीन चकत्या एकीवर एक ढकलत, जमिनीवरच थर करून, एकदम उचलून वर ठेवल्या. एकही आवाज नाही, एकही चकती तिरकी नाही. त्यांच्या पाठीशी एक तरुण खेळाडू डावीकडे हूल देत होता आणि चेंडू त्याच्यामागे गेला होता. सातवी चकती बसताच त्या उभ्या राहिल्या आणि "लगोरी!" अशी जी आरोळी दिली, ती शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरून परत आली. एका वेळी अनेक चकत्या उचलाव्यात की नाहीत यावर चर्चा झाली, पण तो कौशल्याचा भाग आहे असे सर्वांनी मान्य केले.

29 डिसेंबर

मैदान नाही. सहा संघांची नोंदणी झाली, प्रत्येकी 2,000 रुपये. प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा, म्हणजे 15 सामने, दर रविवारी तीन, पाच रविवार. कागदावर हे सोपे दिसते.

5 जानेवारी 2025, लीगचा पहिला दिवस

एका सामन्याला 25 मिनिटे धरली होती. पहिला 47 मिनिटे चालला, दुसरा 52. तिसरा झालाच नाही, आमची वेळ संपली. दोन संघांचे खेळाडू तयार होऊन, तयारीचा व्यायाम करून, न खेळता घरी गेले. त्यांची मी प्रत्येकाजवळ जाऊन माफी मागितली.

वेळ कोठे गेला ते दोघांनी घड्याळ लावून टिपले होते. चकत्या गोळा करून पुन्हा रचण्यात सरासरी पाऊण मिनिट, ते अपेक्षित होते. खरा वेळ गेला तो चेंडू लागला की नाही लागला या एकाच प्रश्नावर. सैल पायजम्याला चेंडू चाटून जातो, मारणाऱ्याला तो लागलेला दिसतो, पळणाऱ्याला जाणवतही नाही आणि पंच चुकीच्या बाजूला उभा असतो. दोन्ही माणसे खरे बोलत असतात, म्हणूनच वाद मिटत नाही.

यापूर्वी सरावात यावर एक तोडगा करून पाहिला होता. चेंडू गेरूच्या पुडीत घोळवायचा, म्हणजे कपड्यावर डाग उमटेल. डाग उमटला, परंतु पूड डोळ्यांत गेली, चेंडू हातातून निसटू लागला आणि चौथ्या पाळीपर्यंत सगळ्यांच्या कपड्यांवर इतके डाग झाले की नवा कोणता ते ओळखता येईना. भ्रमणध्वनीवर चित्रण करून तपासणेही आज केले, एका निर्णयाला चार मिनिटे लागली आणि चित्रात चेंडू अस्पष्टच होता.

पुढील रविवारपासून तीन पंच असतील, एक लगोरीजवळ आणि दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत. तिघांपैकी दोघांनी बाद म्हटले तर बाद, चर्चा नाही. गुडघ्याखाली सैल कपडे चालणार नाहीत. आणि ज्याला चेंडू लागल्याचे स्वतःला जाणवले त्याने पंचाची वाट न पाहता हात वर करावा, असे आवाहन. नियम म्हणून नव्हे, आवाहन म्हणूनच लिहिले आहे.

12 जानेवारी

आज जे घडले ते टाळता येण्यासारखे होते.

चेंडू कमरेखालीच मारायचा हा नियम आम्ही पहिल्यापासून ठेवला होता आणि तेवढ्याने डोके सुरक्षित राहील असे समजलो होतो. परंतु लगोरी लावणारा गडी वाकलेला असतो. उकिडव्या बसलेल्या माणसाचे डोके उभ्या माणसाच्या कमरेइतक्याच उंचीवर येते. राज्य असलेल्या संघाच्या खेळाडूने अगदी नियमाप्रमाणे, दोन मीटरवरून, खाली मारलेला चेंडू लगोरी लावणाऱ्या महिला खेळाडूच्या चष्म्यावर बसला. चष्म्याची चौकट तुटली आणि भुवईच्या वर जखम झाली. दवाखान्यात दोन टाके पडले. डोळ्याला काही झाले नाही. चेंडू मारणारा तरुण दवाखान्याच्या बाकावर तिच्याशेजारी शेवटपर्यंत बसून होता. त्याची काहीही चूक नव्हती. चूक नियम लिहिणाऱ्यांची, म्हणजे माझी आणि माझ्या सोबतच्या तिघांची होती.

दोन सामने झाले होते, तिसरा तेथेच थांबवला. नव्या चष्म्याच्या 3,000 रुपयांपैकी निम्मे लीगने दिले. तिने पूर्ण रक्कम घ्यायला नकार दिला.

16 जानेवारी, गुरुवार, रात्रीची बैठक

सहाही संघनायक आले. लीग सुरू असताना नियम बदलणे अन्यायाचे आहे, असा एका संघनायकाचा आक्षेप होता आणि एरवी तो मी मान्य केला असता. त्याचा संघ जवळून जोरात मारण्यावर तयार झाला होता. अखेर सुरक्षेचे नियम केव्हाही बदलता येतील, गुणांचे नियम हंगाम संपेपर्यंत बदलणार नाहीत, या वाक्यावर एकमत झाले. पुढे कोणी लीग काढली तर हे वाक्य पहिल्या पानावर लिहावे.

बदल चार. लगोरीभोवती दीड मीटर त्रिज्येचे वर्तुळ फक्कीने आखायचे आणि राज्य असलेल्या संघाने त्यात पाऊल टाकायचे नाही. चेंडू हातात असताना तीनच पावले, मग मारायचा किंवा सोबत्याकडे द्यायचा. डोक्याला लागलेला चेंडू कोणत्याही कारणाने बाद म्हणून धरायचा नाही आणि ज्याच्याकडून लागला त्याने त्या पाळीपुरते बाहेर बसायचे. चष्मा असणाऱ्यांनी पट्ट्याचा खेळाचा चष्मा वापरायचा किंवा लगोरी लावायला बसायचे नाही.

19 जानेवारी

चार सामने झाले, सरासरी 26 मिनिटांत एक. वर्तुळाचा परिणाम माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. पहिल्या चार सामन्यांतील 32 पाळ्यांत लगोरी 26 वेळा फुटली होती आणि त्यातून ती पुन्हा लागली अवघी 4 वेळा, कारण राज्य असलेला संघ चकत्यांजवळच तळ ठोकून उभा राहायचा. आजच्या 32 पाळ्यांत लगोरी 27 वेळा फुटली आणि 11 वेळा लागली. सुरक्षेसाठी आखलेल्या रेघेने खेळ अधिक चांगला केला. तीन पावलांच्या नियमामुळे चेंडू सोबत्यांकडे फिरू लागला आणि एकट्या बलवान खेळाडूवर चालणारे संघ आज दोन्ही सामने हरले.

हात वर करण्याचे आवाहनही लोकांनी मनावर घेतले आहे. पंचांनी पाहिले नसताना स्वतःहून बाद झालेले सहा खेळाडू मी मोजले. त्यांतील एक जण लगोरीची सातवी चकती हातात घेऊन उभा होता. त्याने ती खाली ठेवली आणि हात वर केला.

संध्याकाळी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने होते आणि आमच्यापैकी बरेच जण एकत्र बसून ते पाहायला थांबले. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली महिलांनी आणि प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली पुरुषांनी नेपाळला हरवून दोन्ही विश्वचषक जिंकले. सर आमच्यामागे खुर्चीवर बसून खेळाडूंकडे कमी आणि पंचांच्या जागांकडे अधिक पाहत होते. ते कोठे उभे राहतात, केव्हा जागा बदलतात हे त्यांनी वहीत टिपून घेतले.

26 जानेवारी

ध्वजवंदन आणि शाळेचे कार्यक्रम. मैदान मिळणार नाही हे वेळापत्रक करतानाच दिसायला हवे होते.

2 फेब्रुवारी

चार सामने. सरांच्या टिपणावरून कोपऱ्यातील दोन पंच आता चेंडूबरोबर बाजूच्या रेषेवरून सरकतात, तक्रारी दोनच आल्या. सकाळी दव नव्हते.

एक गोष्ट डोळ्यांत भरली. उंच खेळाडू वर्तुळाच्या कडेवर पाय ठेवून पुढे झुकतात आणि लांब हाताने जेमतेम मीटरभरावरून मारतात. नियमात पाऊल म्हटले आहे, हात म्हटलेला नाही. या हंगामात फक्त समज दिली.

9 फेब्रुवारी

उरलेले तीन सामने होऊन साखळी पूर्ण झाली. डिसेंबरात स्नायू दुखावलेला खेळाडू नऊ आठवड्यांनी आज प्रथम उतरला, पाच आठवड्यांचा आमचा अंदाज चुकीचा होता. त्याने धावायचे नाही, फक्त फोडायचे, असे त्याच्या संघाने ठरवले आणि तो उतरला त्या तीनही पाळ्यांत त्याने पहिल्याच चेंडूला लगोरी फोडली.

16 फेब्रुवारी, अंतिम सामना

पहिल्या दोन संघांत झाला. सात पाळ्यांनंतर गुण समान होते. शेवटच्या पाळीत फोडणाऱ्या संघाचे पाच गडी बाद झाले, म्हणजे तो पाच गुणांनी मागे पडला, आणि दोघांनी सहा चकत्या लावलेल्या असताना 90 सेकंद संपले. सातवी चकती त्या दोघांतील एकीच्या हातातच होती. पंचाची शिट्टी आणि चकती टेकण्याचा आवाज यांत कोणता आधी झाला यावर कोणीही वाद घातला नाही, कारण तिनेच मान हलवून नाही म्हटले. मात्र त्या क्षणी चकती टेकली असती तर 5 गुण मिळून बरोबरी झाली असती आणि बरोबरीत काय करायचे याचा एक शब्दही आमच्या नियमांत नव्हता. पूर्ण हंगामात हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही.

23 फेब्रुवारी, हिशेब

जमा 12,000 रुपये. खर्च असा: बारा रविवारांचे मैदान 7,200, चकत्यांचे तीन संच 1,750, वाया गेलेले रबर 240, चेंडू जड धरून 2,540, फक्कीची दोन पोती 560, प्रथमोपचार 900, चष्मा 1,500, शिट्ट्या, घड्याळ आणि गुणपत्रके 450, चषक आणि पदके 1,200. एकूण 16,340. तूट 4,340 रुपयांची आली, ती आम्ही चौघा आयोजकांनी प्रत्येकी 1,085 रुपये घालून भरली. सरावाच्या सहा रविवारांचे भाडे नोंदणी शुल्कात धरायचे राहून गेले, तूट मुख्यतः त्यामुळे आहे. पुढील हंगामासाठी प्रत्येक संघाला 2,800 रुपये ठरवले आहेत.

निमुळता पहिला संच शाळेला दिला आहे. मधल्या सुट्टीत पाचवीची मुले त्याच्याशी खेळतात आणि त्यांना हलक्या हाताने वरची चकती पाडण्याची युक्ती अजून सुचलेली नाही.

2 मार्चला साडेआठ वाजता पुन्हा मैदान घेतले आहे. वर्तुळाची त्रिज्या दोन मीटर करून आठ पाळ्या खेळून पाहायच्या आहेत आणि बरोबरी झाल्यास दोन्ही संघांतून एकेका गड्याने फोडून एकट्यानेच लगोरी लावायची, ही ताईंची सूचनाही त्याच दिवशी करून पाहू. फक्कीचे अर्धे पोते शिल्लक आहे, ते पुरेल.